खिशातला हात

ताईने दुर्बिणीसाठीचा आणखी एक फोकसर नाकारला, तेव्हा भावजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भावजी चष्मा काढतात म्हणजे त्यांनी हात टेकले असं समजावं. हा माणूस गाद्यांच्या दुकानात उभी हयात घालवलेला. नुसतं ऊन लागतंय म्हणून सावलीला आत शिरलेल्या माणसालाही डबलबेडची गादी गळ्यात घालून पाठवणारा. पण घरातल्या या एका गिऱ्हाइकापुढे त्यांची मात्रा चालत नव्हती.

"याला आता काय झालं?" भावजींनी विचारलं.

"यात दाते नाहीत. नुसता रोलर आहे. घर्षणावर नळी सरकते. माझा कॅमेरा जड आहे, घसरेल."

"बरं. मग कालच्याला दाते होते."

"मोठे होते. एक दाता पुढे सरकला की चित्र पार गावाबाहेर जातं."

"आणि परवाचा? त्याला बारीक दाते, शिवाय नॉबाच्या आत आणखी एक छोटा नॉब. मोठा दहा केस सरकवतो तिथे छोटा एक केस सरकवतो. आणि वर मोटर! बटण दाबायचं. हातसुद्धा लावायला नको."

"मोटर नको," ताई म्हणाली.

"अगं, पण का?"

"नको म्हणजे नको."

मी हातातल्या वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. ते का, हे मला माहीत होतं आणि भावजींना माहीत नव्हतं, अशी परिस्थिती होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही गोष्ट आमच्या खानदानात लहान मुलांनाही ठाऊक आहे. अशा माणसाला देवाने गुपितं का द्यावीत?

"स्टँडला मोटर चालते," भावजी छताला सांगू लागले, "ती रात्रभर चंद्राच्या मागे मागे फिरते, तिचं कौतुक. फोकसरच्या मोटरने काय घोडं मारलंय?"

"स्टँड मी आधीही हाताने फिरवत नव्हते," ताई म्हणाली आणि उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून आत निघून गेली.

ज्यांनी दुर्बीण फक्त दुरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. दुर्बिणीच्या शेपटाला एक नळी असते. नॉब फिरवला की ती आतबाहेर सरकते. डोळा लावायचा तो तिथे, आणि फोटो काढायचा असेल तर कॅमेरा अडकवायचा तोही तिथेच. ती नळी, तिचे दाते, नॉब, स्क्रू या सगळ्या गोतावळ्याला फोकसर म्हणतात. नळी केसभर इकडेतिकडे झाली की आकाशातला तारा शिंतोडा होतो. म्हणजे एवढी मोठी दुर्बीण, एवढं मोठं आकाश, आणि सगळा कारभार त्या एका नॉबाच्या हातात. पुष्कळ घरांतही असंच असतं.

आमच्या ताईचं सगळं आयुष्य नॉबावरच गेलेलं. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसते. दिवसभर काचेवरचे रक्ताचे थेंब बघते. लॅबमधली माणसं तिला 'काटा' म्हणतात. एकदा तिने फोकस लावला की दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा तिथला अलिखित कायदा आहे. दिवसा डोळ्यांना दिसत नाही इतकं लहान बघायचं आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन डोळ्यांना पुरत नाही इतकं मोठं बघायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. मधल्या मापाच्या वस्तू, म्हणजे मी आणि भावजी, तिला क्वचितच दिसतो.

मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. संध्याकाळचा चहा मात्र वर घेतो. काही आठवड्यांपूर्वी असाच न सांगता वर गेलो होतो. ताई स्वयंपाकघरात एकटीच होती. तिच्या उजव्या हातात भरलेली कपबशी होती आणि कप बशीवर वाजत होता. थंडीत दात वाजतात तसा, बारीक, न थांबता. तिने मला पाहिलं, कपबशी ओट्यावर ठेवली आणि हात खिशात घातला.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काही नाही."

"ताई, कप वाजत होता."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "डॉक्टरकडे जाऊन आले," ती म्हणाली. "आपल्या इस्पितळातल्या नाही, लांबच्या एका. आजार नाही म्हणाला. ठेवण आहे. वडिलांकडून आलेली. लक्ष दिलं की वाढते, बारीक काम करायला घेतलं की वाढते. जिवाला धोका नाही म्हणाला."

"मग प्रश्न काय आहे?"

"आप्पांच्या तरी जिवाला कुठे धोका होता?"

आप्पा म्हणजे आमचे वडील. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता हातभर लांब सरळ रेघ ओढायचे आणि मग मागे सरून स्वतःच तिच्याकडे कौतुकाने बघत राहायचे. पुढे त्यांचा हात थरथरू लागला. मग घरच्यांनी शिडी चढू दिली नाही. मग पाट्यांच्या कडा दुसरा कुणी रंगवू लागला, मग अक्षरंही. मग दाढी आम्ही करू लागलो. मग कप आम्ही धरू लागलो. शेवटी शेवटी त्यांनी स्वतः करायचं असं एकच काम उरलं होतं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसणं. ते त्यांनी फार वर्षं केलं. ती खुर्ची अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कुणी बसत नाही.

"आप्पांचा हात होता तेवढाच थरथरत होता," ताई म्हणाली. "बाकीचं सगळं आपण काढून घेतलं. मायेने. एका कपापासून सुरू झालं. लॅबमध्ये कळलं तर उद्या मला पावत्या फाडायच्या टेबलावर बसवतील. तेही मायेने. आणि यांना कळलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "बोललास कुणाकडे, तर मला भाऊ नव्हता असं समजेन."

"लॅबमधल्या कामाचं काय?"

"तिथे कोपर टेबलावर टेकतं. चालतं अजून."

तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावून फिरत होतो, आणि रोज संध्याकाळी भावजी मोबाइलवर नवीन फोकसर शोधून त्या कुलपात किल्ली फिरवून बघत होते.

दुसरी एक भानगड त्याच्याही आधीपासून सुरू होती. भावजी चहात हात आखडता घेऊ लागले होते. संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे असतो. दुकानातून आले की पहिलं काम ते. पूर्वी कप काठोकाठ भरायचे. हल्ली अर्धा. तिघांनाही अर्धा.

"भावजी, हा चहा आहे की औषधाचा डोस?" मी एकदा विचारलं.

"अर्धा कप संपेपर्यंत गरम राहतो, मेहुणे. पूर्ण भरला की तळाशी निवतो. संपला की पुन्हा देतो ना!"

पुन्हा द्यायचे, पण पुन्हा अर्धाच. माणूस म्हातारा होऊ लागला की चिकट होतो असं म्हणतात, त्याचा हा दाखला म्हणून मी मनात नोंद केली.

फोकसरची घाई एवढ्याचसाठी, की महिन्याच्या अखेरीला शनी चंद्राआड जाणार होता. चंद्र सरकत सरकत शनीवर येतो आणि त्याला झाकून टाकतो. पिधान म्हणतात त्याला. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात, आमच्या गच्चीवरून समोर दिसेल असा. शनी कडेला टेकल्यापासून पुरता दिसेनासा होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट. पुन्हा असा योग आमच्या गच्चीला कित्येक वर्षं नव्हता. शनी लोकांच्या मागे लागतो म्हणतात. आमच्या घरी आम्ही शनीच्या मागे लागलो होतो.

आकाशात चंद्र असेल त्या प्रत्येक संध्याकाळी ताई त्याच्यावर सराव करायची. जुनाच फोकसर, दुर्बिणीबरोबर आलेला. मी गच्चीच्या कठड्याला टेकून बघायचो. लॅपटॉपच्या पडद्यावर चंद्राची कड यायची. ताई दोन्ही हातांनी नॉब धरायची. उजव्या हाताला डाव्याचा आधार. चित्र आधी नाचायचं, मग ती हात काढायची, मग चित्र ठरायचं, आणि क्षणभर असं स्वच्छ दिसायचं की एकेका विवराची सावली मोजून घ्यावी. ताई हात खिशात घालायची. थोडा वेळ जायचा. आणि मग त्या सावल्यांवर कुणी फुंकर घातल्यासारखं सगळं धुकट होत जायचं.

"छान आलाय की!" भावजी मागून म्हणायचे.

"धुकट आहे."

"मला तर..."

"तुम्हाला गादी दिसते हो, तुम्हाला काय!" असं म्हणून ती फोटो पुसून टाकायची.

मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. मायक्रोस्कोपची तिला इतक्या वर्षांची सवय. तिथे यंत्र रोज सकाळी तपासलेलं असतं. चित्र बिघडलं तर चूक बघणाऱ्याची, हाच तिथला नियम. तेव्हा इथेही चूक बघणाऱ्याचीच. म्हणजे हाताची.

शनीच्या आदल्या दिवशी जिन्यात भावजी मला आडवे आले. हातात दुधाची पिशवी होती.

"मेहुणे, एक सांगा. तुमची ताई मोटरला एवढी का बिचकते?"

मी जिन्याचा कठडा धरला. "मला काय माहीत? मी शास्त्राचा माणूस नाही."

"हं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दुकानात एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक नको नको म्हणतं तेव्हा त्याला माल नको असतो असं नाही. त्याला कारण सांगायचं नसतं. अशा वेळी विचारत सुटायचं नाही. आपण आपलं दुकान उघडं ठेवायचं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्हाला घाम का आलाय?"

"जिना चढून आलो."

"तुम्ही तर उतरत होतात."

मी उरलेला जिना उतरलो नाही, जवळजवळ घरंगळलो.

त्या संध्याकाळी सराव पहिल्यापेक्षाही वाईट झाला. ताईने लॅपटॉप मिटला. मग दुर्बिणीवर कापड घालता घालता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उद्या शनी धुकट आला तर ही दुर्बीण त्या आकाशवाल्या मंडळाला देऊन टाकते. तरुण मुलं आहेत तिथे. वापरतील."

"एवढ्यात?" भावजी म्हणाले.

"फोकसरचंही मग बघायला नको. तुम्हीपण सुटाल."

भावजींनी कापडाचं दुसरं टोक धरलं. मला मात्र खालच्या घरातली खिडकीजवळची खुर्ची डोळ्यांपुढे दिसली. शिडी, कडा, अक्षरं, दाढी, कप. इथे तर कुणी काही काढून घेत नव्हतं. ताई आपणहूनच सगळं उचलून द्यायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून ढगांनी छळ मांडला. एक ढग जातोय म्हणावं तर त्याचा चुलतभाऊ हजर. ताई इस्पितळातून लवकर आली होती. चारदा गच्चीवर जाऊन आली. भावजींनी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली होती. दुकानात कुणी मेलं तरी ते सुट्टी घेत नाहीत, असा त्यांचा लौकिक. मी उगाच मध्ये मध्ये "उघडेल, उघडेल" म्हणत होतो. शेवटी ताईने मला गप्प राहायची ताकीद दिली.

सूर्य मावळला आणि पश्चिमेकडून आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. चंद्र अर्ध्याहून थोडा कमी. त्याची उजळ बाजू खाली सूर्याकडे, आणि अंधारी बाजू पुढे. त्या अंधाऱ्या कडेपासून थोड्याच अंतरावर एक पिवळसर ठिपका होता. दिवे लागलेल्या शहराच्या वर, कुणाचं लक्षही जाणार नाही असा.

"तोच?" मी विचारलं.

"तोच," ताई म्हणाली.

स्टुलावर लॅपटॉप, शेजारी भावजी, कठड्याशी मी. ताईने चंद्राची कड पडद्यावर आणली. नॉब धरला. चित्र थरथरलं, थांबलं, स्वच्छ झालं. पडद्याच्या कोपऱ्यात शनी आला, आणि मी जन्मात पहिल्यांदा ती कडी पाहिली. एवढासा दाणा आणि त्याच्या भोवती कुणीतरी निगुतीने बसवलेली कडी. मला वाटलं, हा खराच आहे का कुणी चिकटवलाय?

ताईने हात खिशात घातला.

कडी हळूहळू जाड झाली. मग दाणा आणि कडी एकच झाले. मग नुसता पिवळा डाग.

"पुन्हा," ताई स्वतःशीच म्हणाली. पुन्हा नॉब, पुन्हा थरथर, पुन्हा स्वच्छ. पुन्हा खिसा. पुन्हा डाग. चंद्राची न दिसणारी कड शनीकडे सरकत होती. पडद्यावर ताईने तिच्या जागी केलेली खूण आणि शनी यांच्यामधली फट बघता बघता कमी होत होती. ताईने तिसऱ्यांदा लावलं. कडी आली, आणि गेली.

ताई दुर्बिणीपासून मागे झाली.

"माझ्याच्याने नाही होत," ती म्हणाली.

मी भावजींकडे बघितलं. आता सांगावं की काय, असं माझ्या ओठावर आलं. भाऊ नव्हता असं समजली तर समजू दे. पण भावजी पडद्याकडे बघत होते, दुकानात माणूस गादीवर बसताना ते जसे त्याच्या पाठीकडे बघतात तसे.

"जरा थांब," ते म्हणाले. "एकदा लाव आणि मग कुणीच काही करू नका. नुसतं बघू."

"वेळ नाहीये हो!"

"आहे तेवढा आहे. लाव."

तिने लावलं. हात काढून खिशात घातला. तिघेही पडद्याकडे बघत राहिलो. कडी स्वच्छ होती. स्वच्छ होती. मग तिच्या कडा मऊ झाल्या. मग विरघळल्या.

"अगं," भावजी सावकाश म्हणाले, "पण तुझा हात तर खिशात होता."

ताईने खिशातला हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघितलं. मग दुर्बिणीच्या शेपटाकडे बघितलं. आभाळाकडे तोंड केलेली दुर्बीण, आणि तिच्या खालच्या टोकाला लोंबकळणारा तो जड कॅमेरा.

"खाली उतरतोय," ती म्हणाली. "नळी खाली उतरतेय." आणि मग तिने कपाळावर हात मारला. थरथरणाराच. "लॅब! लॅबची सवय!"

"म्हणजे?" मी म्हणालो.

ती भराभर बोलू लागली, आम्हाला सांगत होती की स्वतःला कोण जाणे. "मायक्रोस्कोपला भिंग काचेपासून लांब नेत नेतच फोकस लावायचा असतो. उलट केलं तर काच फुटते. शिकताना पहिल्या दिवशी डोक्यात ठोकतात ते. मी इथेही तेच करते. आतून बाहेर आणत आणत थांबते. बाहेर म्हणजे इथे खाली! नळीखाली दात्यांचा आधार राहत नाही, ती नुसती ग्रीसवर चिकटलेली असते. कॅमेऱ्याच्या वजनाने ती हळूहळू खाली येते, दात्यावर टेकेपर्यंत. आणि मी समजतेय..."

काय समजत होती ते तिने सांगितलं नाही. ते ऐकायला वेळही नव्हता. फट बोटभर उरली होती.

"मग उलटं लाव!" मी ओरडलो.

"उलटं लावते. खालून वर ढकलत. पण वजन सगळं नॉबवर येणार. हात सोडला की नॉब उलटा फिरणार. सोडायच्या आत खालचा स्क्रू आवळायला हवा." ती थांबली. मला ते थांबणं अजून आठवतं. "दोन्ही हात मला नॉबवर लागतात. अहो... माझा हात थरथरतो."

"माहीत आहे," भावजी म्हणाले. "कुठला स्क्रू?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. पण शनी कुणा नवराबायकोसाठी थांबत नाही.

"हा. पोटाखालचा. मी 'आता' म्हणेन तेव्हा. एकदम नका, गादीवर बसल्यासारखं."

"ते येतं मला."

भावजी गुडघ्यावर बसले आणि दोन बोटांत स्क्रू धरला. ताईने नॉब मुद्दाम जास्त बाहेर नेला, शनी पार डाग झाला, आणि मग ती उलट निघाली, इतक्या वर्षांच्या सवयीच्या विरुद्ध. तिचे दोन्ही हात थरथरत होते आणि पडद्यावर सगळं आकाश त्यांच्याबरोबर थरथरत होतं. डाग बारीक झाला. दाणा झाला. दाण्याभोवती कडी उमटली. त्या गदारोळात तिला काय दिसत होतं देव जाणे, मला तर सगळी पिवळी रांगोळीच दिसत होती. पण नजर तिची. ती थरथरत नव्हती.

"स्क्रू थोडं मागे ओढेल... जरा पुढे नेते... थांबा... थांबा... आता!"

भावजींनी स्क्रू बसवला.

ताईने हात काढले. चित्र नाचलं, डुललं, ठरलं. कडी आली. कडी राहिली. मी मनात म्हणत होतो, आता जाईल, आता जाईल. राहिली. कडीच्या मधोमध केसाएवढी काळी फट होती, तीही राहिली.

"चालू करा," ताई म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की चालू तिलाच करायचं आहे. तिने बटण दाबलं. कॅमेरा एकामागून एक फोटो घेऊ लागला.

आणि चंद्राची ती न दिसणारी कड शनीला लागली. आधी कडीचं एक टोक कापलं गेलं. आभाळात काहीच नव्हतं तिथे. नुसत्या काळोखाने कडी खायला सुरुवात केली. मग दाणा चपटा झाला, अर्धा झाला, नखाएवढा झाला. मग कडीचं दुसरं टोक एकटंच उरलं, दार लावताना बाहेर राहिलेल्या पदरासारखं. मग तेही गेलं.

"गेला," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

ताई पडद्यापुढे बसली आणि एकेक फोटो उघडू लागली. अर्धा शनी, अर्धी कडी, आणि दोघांना सरळ कापणारी ती काळी रेघ. पट्टी न लावता ओढल्यासारखी. ताई त्या रेघेकडे फार वेळ बघत राहिली आणि मग थोडी मागे सरून बघू लागली. ते मागे सरणं मी ओळखलं. ते कुणाचं होतं हे मी बोललो नाही. तिलाही ठाऊकच असणार.

खाली आलो. भावजींनी चहा टाकला. ट्रेमध्ये तीन कप आले, तिन्ही अर्धे.

ताई आपल्या कपाकडे बघत होती. मग तिने माझ्या कपाकडे बघितलं. मग भावजींच्या.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"काय केव्हापासून?"

"अर्धा कप."

भावजींनी बिस्किटांचा डबा उघडायला घेतला. तो उघडाच होता. "झाले काही महिने," ते चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले.

"आणि मला बोलला नाहीत."

"तू कुठे बोललीस? मी आपलं दुकान उघडं ठेवलं."

आता मला त्या चिकटपणाचा अर्थ लागला. कपाला त्यांनी हात लावला नव्हता. फक्त सांडेल एवढं भरायचं सोडलं होतं, आणि तिच्या एकटीचाच अर्धा दिसू नये म्हणून माझाही चहा त्यात बळी दिला होता. मोटरसाठीचा सगळा खटाटोपही त्यातलाच. मी त्यांच्या नावाने मनात केलेली नोंद खोडून टाकली.

"पूर्ण भरा," ताई म्हणाली.

भावजींनी किटली उचलली आणि तिचा कप भरला. काठोकाठ, पूर्वीसारखा. तिने तो उजव्या हाताने उचलला. कप बशीवर वाजला, चहा बशीत सांडला, थोडा टेबलावर, थोडा तिच्या स्वेटरच्या बाहीवर. माझा हात आपोआप फडक्याकडे गेला. भावजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की मी दोन दिवस लंगडत होतो.

ताई चहा प्यायली. उरलेला कपातला, मग बशीतला.

"तो परवाचा फोकसर," ती म्हणाली. "बारीक दात्यांचा, छोटा नॉब असलेला. एवढा कॅमेरा पेलतो ना तो?"

"दुप्पट पेलतो."

"तो मागवा."

भावजी सावध झाले. दुकानातला माणूस अशा वेळी घाई करत नाही. "मोटर?"

"मोटर लावायची भोकं असू देत त्याला. लावायची कधी ते मी सांगेन."

"तू सांगशील तेव्हा," भावजी म्हणाले. टेबलावरचा चष्मा त्यांनी उचलला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

ही संधी बरी आहे असं वाटून मी माझा कप पुढे केला. "भावजी, माझाही आता पूर्ण भरा."

"तुमचा कशाला?" ते म्हणाले. "तुमचा हात कुठे थरथरतो? आणि दूध संपलंय."